छोट्या जागेत गाडीच्या स्पीकरसाठी रिंगा बनवणे: मापं, मटेरियल, कापकाम

कानसवाला
साडेसहा इंची कम्पोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेले) आणले आणि कंपनीच्या जागेवर थेट पत्र्याला कसले की दोनपैकी एक गोष्ट होतेच. मॅग्नेट काचेला लागतं, नाहीतर दाराचा पत्रा स्पीकरबरोबर गाऊ लागतो. मध्ये जाड, कडक रिंग हवी. दुकानात ‘युनिव्हर्सल’ म्हणून जी प्लास्टिकची रिंग मिळते ती बोटाने दाबली तरी वाकते, तिने फक्त भोकं जुळतात. या धाग्यात स्वतः रिंग बनवण्याबद्दल लिहू या. जागा धरली आहे वन बीएचके आणि चार बाय सहाची बाल्कनी. गाडी खाली स्टिल्टमध्ये.

सुरुवात करवतीने नाही, मापाने करायची. रिंगेच्या जाडीला दोन्हीकडून बंधन असतं. मागे काच आहे आणि पुढे दाराच्या प्लास्टिक पॅनलची जाळी. दोन्ही मापं घेतल्याशिवाय मटेरियल आणू नका.

मागचं माप: पॅनल काढा, काच पूर्ण खाली घ्या. पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर मोजा, पण भोकाच्या मध्यावर नाही. काच वक्र असते, त्यामुळे मॅग्नेटचा वरचा आणि खालचा काठ जिथे येईल तिथे मोजायचं आणि लहान आकडा धरायचा. मग काच अर्धी वर घेऊन पुन्हा मोजा. काच धरणारा क्लॅम्प आणि त्याची पट्टी काचेपेक्षा आत येते आणि ती अधल्यामधल्या उंचीवरच आडवी येते. बहुतेकांची गल्लत इथेच होते.

उदाहरण घ्या. स्पीकरची माउंटिंग खोली (फ्रेमपासून मॅग्नेटच्या पाठीपर्यंत) ६४ मिमी, पत्रा ते काच ५१ मिमी, मोकळी जागा किमान ५ मिमी. ६४ + ५ – ५१ = १८, म्हणजे रिंग १८ मिमीपेक्षा कमी चालणार नाही.

पुढचं माप: पत्रा ते जाळीची आतली बाजू, समजा ३६ मिमी. रिंग १८, दबलेलं गॅस्केट २, फ्रेमखालचा फोम १, फ्रेमची पुढची उंची ७, कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर येण्यासाठी ५. एकूण ३३. तीन मिमी उरतात, बसतंय. इथे बेरीज ३६च्या वर गेली तर रिंग जाड करून काही उपयोग नाही. कमी खोलीचा स्पीकरच घ्यावा लागेल, आणि हे स्पीकर घेण्याआधी कळलेलं बरं.

साचा: पत्र्यावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की भोकांच्या कडा उमटतात. कागदावर लगेच ‘वर’ आणि ‘डावं’ लिहा. आकार डावी-उजवीकडे सारखा नसेल तर उजव्या दारासाठी कागद उलटा करायचा आहे. नाहीतर दोन्ही रिंगा डाव्या दाराच्या होतात.

मुलुंडचा_मिस्त्री
वाचतोय. सोसायटीत कुणाचं तरी फर्निचर कायम चालूच असतं, १८ मिमी एमडीएफचे (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) तुकडे फुकट मिळतात. ४०० बाय २०० मिमीच्या तुकड्यात १८० व्यासाच्या दोन रिंगा आरामात निघतात. तेच वापरावं का?

पागोळी
मिस्त्री, साधा एमडीएफ मुंबईत नको. दार म्हणजे बंद पेटी नाही. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी आत जातं, काचेवरून ओघळतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी तशीच बनवलेली असते. म्हणजे जून ते सप्टेंबर रिंगेची मागची बाजू रोज ओली. एमडीएफ कडेने पाणी पितो, फुगतो, स्क्रूभोवतीचा भाग भुसभुशीत होतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. स्पीकर मग स्वतःच्या वजनाने पुढे कलतो.

माझी पसंती अशी.

पहिली पसंती एचडीपीई प्लास्टिकची शीट, १८ किंवा २० मिमी. खाटकाच्या दुकानातला पांढरा कापायचा पाट याच जातीचा. पाणी पीत नाही, रंग नको, लेप नको. दोष दोन. त्याला नेहमीचा गोंद धरत नाही, म्हणून दोन पातळ थर चिकटवून जाडी करता येत नाही, बोल्टनेच आवळावे लागतात. आणि जिगसॉ (वरखाली हलणाऱ्या पात्याची विजेची करवत) वेगात चालवला तर ते वितळून पात्यामागे पुन्हा जुळतं, त्यामुळे वेग कमी ठेवायचा.

दुसरी पसंती बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) ग्रेडचं मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून. शिक्का ‘आयएस ३०३’ असेल तर ते एमआर (ओलावा सोसणारं) किंवा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी काही प्रमाणात सोसणारं) असतं, मरीन नाही. अख्खी आठ बाय चारची शीट कशाला, प्लायवाल्याकडे कटपीस मागा.

एचडीएचएमआर (जास्त घनतेचा, ओलावा सोसणारा बोर्ड) त्यानंतर. एमडीएफपेक्षा खूप बरं, पण कडा तरीही सील कराव्याच लागतात.

अॅक्रिलिक दिसायला झकास, पण स्क्रू जोरात आवळला की भोकापासून तडा जातो. त्यावर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव्य) लावलात तर हमखास. ते द्रव्य अॅक्रिलिकला बारीक भेगा पाडतं.

चाळीतला_इंजिनीयर
एचडीपीईबद्दल सहमत, एक भर घालतो. उन्हात तापलं की ते लाकडापेक्षा बरंच जास्त प्रसरण पावतं. रिंगेतली बोल्टची भोकं ५ मिमी बोल्टला साडेपाच ठेवा आणि खाली रुंद वॉशर घाला. घट्ट भोकात ते तापल्यावर कमान धरतं आणि गॅस्केट एका बाजूने सुटतं.

गिरगाव_४
कापायचं कशाने? होल सॉ (ड्रिलला लावायची वाटीसारखी गोल करवत) १४५ मिमीचा मिळतो का?

कानसवाला
मिळाला तरी हाताच्या ड्रिलवर लावू नका. एवढा मोठा होल सॉ अडकला की मनगट पिरगळतो. एका दांडीवर सुरी असलेला सर्कल कटर तर त्याहून वाईट, तो ड्रिल प्रेसवरच चालवायची वस्तू आहे.

घरात दोनच मार्ग, जिगसॉ किंवा ट्रिम राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं हातातलं मशीन). राउटरचा कट काटकोनात आणि गुळगुळीत येतो. त्याला ६ मिमी जाड अॅक्रिलिकची किंवा प्लायची पट्टी बसवायची आणि एका भोकात खिळा घालून केंद्र करायचं. हिशेब जपून करा. ६ मिमीचं सरळ बिट असेल तर १८० मिमी बाह्य व्यासासाठी खिळ्यापासून बिटच्या मध्यापर्यंत ९३ मिमी, कारण बिटची आतली कड ९० वर यायला हवी. आतल्या १४५च्या भोकासाठी ६९.५ मिमी, कारण तिथे बाहेरची कड ७२.५ वर यायला हवी. ३ मिमी मिळवायचे तिथे वजा केले तर बाहेरचा व्यास १६८ येतो. आत वजा करायचे तिथे मिळवले तर भोक १५७ होतं आणि स्पीकरच्या स्क्रूंना खाली लाकूडच उरत नाही.

एका फेरीत ३ मिमी खोल. १८ मिमीला सहा फेऱ्या. घाई केली की बिट तापतं, लाकूड काळं पडतं आणि घरभर जळका वास.

क्रम: आधी आतलं भोक, मग बाहेरचा गोल.

मिलीमीटर
कानसवाला, क्रमाबद्दल थांबवते. राउटरला हे उलट हवं. आतलं भोक आधी पाडलं तर मधली चकती सुटते आणि खिळ्याचं केंद्र तिच्याबरोबर जातं. बाहेरचा गोल मग कशाभोवती फिरवणार? राउटरने आधी बाहेरचा, नंतर आतला. आणि आतला कापण्यापूर्वी रिंग खालच्या टाकाऊ फळीला स्क्रूने बांधायची. पुढे जी भोकं लागणारच आहेत त्यांतूनच बांधली की नवीन भोक पडत नाही. मधली चकतीही दोन स्क्रूंनी धरा, नाहीतर शेवटच्या फेरीत ती हलते आणि कडेला दात पडतो.

जिगसॉला मात्र तुमचा क्रम बरोबर. आधी आत, कारण तोवर क्लॅम्प लावायला चौकोनी तुकडा शिल्लक असतो.

कानसवाला
बरोबर, मी जिगसॉचा क्रम सांगितला. राउटरवाल्यांनी ताईंचा धरा.

जिगसॉसाठी वळणाचं अरुंद पातं घ्या, पेंड्युलम (पात्याची पुढेमागे झुलण्याची सोय) शून्यावर. रेघेच्या दीड मिमी अलीकडून कापा आणि उरलेलं अर्धगोल कानशीने किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने रेघेपर्यंत आणा. १८ मिमीत पातं खाली वाकतं, त्यामुळे वरचा गोल बरोबर दिसतो आणि खालचा तिरका निघतो. मशीन ढकललं की हे होतं. पात्याला त्याच्या गतीने जाऊ द्या.

ठाणेकर_अ
आवाजाचं काय? आमच्याकडे दुपारी दोन ते चार ड्रिल लावलं की सेक्रेटरींचा फोन येतो.

मिलीमीटर
म्हणूनच माझं मत वेगळं आहे. घरात कापूच नका. साचा घरी करा, कापकाम सीएनसीवाल्याकडे (संगणकावरच्या चित्राप्रमाणे कापणारं मशीन) जॉबवर्कला द्या. फर्निचरच्या जाळीचं काम करणाऱ्या बहुतेक वर्कशॉपमध्ये राउटर टेबल असतं. डीएक्सएफ फाइल (मापाच्या रेखाचित्राची) द्यायची आणि प्लाय आपलं न्यायचं, म्हणजे शिक्क्याची खात्री राहते.

फाइलमध्ये या चुका नेहमी दिसतात. चित्र इंचात आणि मशीन मिलिमीटरमध्ये. यावर उपाय म्हणजे फाइलमध्ये १०० मिमीची एक रेघ काढून ठेवा, ऑपरेटर ती आधी मोजेल. दुसरं, वर्तुळ दोन अर्धवर्तुळांचं आणि टोकं न जुळलेली. तिसरं, भोकाचा व्यास स्पीकरच्या कागदावरून जसाच्या तसा घेतलेला. त्यात अर्धा ते एक मिमी मिळवा, कारण फ्रेमच्या मागे टर्मिनलचा फुगवटा असतो. टर्मिनलसाठी भोकाच्या कडेला १० बाय ६ मिमीची खाच फाइलमध्येच काढा.

आणि आधी ३ मिमी एमडीएफ लेझरवर कापून दारात लावून बघा. तीन मिमीचा तुकडा वाया गेला तर काही बिघडत नाही.

पागोळी
ताई, बाहेर दिलं तरी फायलीत न मावणारं एक काम उरतंच. रिंगेच्या मागच्या बाजूची आतली कड ४५ अंशांत उतरवायची. १८ मिमी जाड रिंग आणि वूफरची टोपली (मागची धातूची फ्रेम) यांच्यात फट जेमतेम काही मिलिमीटर असते. कोनामागची हवा त्या बोळात कोंडते आणि मिडबास दबलेला वाटतो. स्क्रूंच्या जागी लाकूड पूर्ण ठेवायचं, मधल्या भागांत १० ते १२ मिमी उतरवायचं. हाताने, अर्धगोल कानशीनेच बरं होतं. आवाजही नाही.

गिरगाव_४
जागेचं पण सांगा कुणीतरी. बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे. टेबल मावत नाही.

चाळीतला_इंजिनीयर
टेबल नको. जमिनीवर बसून, जेवणाच्या लाकडी पाटाला चार इंची जी-क्लॅम्प दोन लावले की झालं. पाट जमिनीपासून वर असतो, त्यामुळे जिगसॉचं पातं खाली मोकळं फिरतं. तुकडा पाटाच्या कडेबाहेर काढून थोडं कापायचं, फिरवायचं, परत क्लॅम्प. हळू होतं पण होतं.

धूळ ही खरी अडचण. फ्रिजचा मोठा खोका आडवा ठेवून त्याच्या तोंडाशी काम करा, मागच्या भिंतीला भोक पाडून व्हॅक्यूमची नळी. एमडीएफची धूळ फार बारीक आणि फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाची, एन-९५ लावल्याशिवाय नको. पंखा बंद. शेजारची वाळत घातलेली चादर आधी आत घ्यायला सांगा, नंतरचं बोलणं वाचतं.

ओट्यावर कापू नका. भुसा डब्यांत जातो आणि ग्रॅनाइटला क्लॅम्पचा टवका उडतो.

मुलुंडचा_मिस्त्री
प्लाय ठरवलं. सील करायला पॉलिस्टर रेझिन चालेल का? फायबरग्लासवाल्याकडे सुटं मिळतंय.

पागोळी
चालतं, पण राहत्या घरात नको. स्टायरीनचा वास दोन दिवस जात नाही. गच्चीवर परवानगी असेल तर तिथे करा.

महत्त्वाचं: सुट्या रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, जांभळट रंगाचा कोबाल्ट अॅक्सिलरेटर आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकींत थेट कधीही मिसळू नका, पेट घेतात, स्फोटही होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर वजनाच्या १ ते २ टक्के. ५० ग्रॅम रेझिनला अर्धा ते एक ग्रॅम. मुंबईच्या उकाड्यात एक टक्क्यानेच भराभर घट्ट होतं, म्हणून एका वेळी ५० ग्रॅमच घ्या.

घरात करायचं तर ऑइल पेंट किंवा लाकडाचा पीयू (पॉलियुरेथेन) लेप. आधी सगळी भोकं पाडून घ्या. नंतर पाडलं की आतलं लाकूड उघडं राहतं आणि पाणी तिथूनच शिरतं. पहिला हात थिनर घालून पातळ, तो कडांनी पिऊन टाकायला हवा. सुकल्यावर २२० चा पेपर, मग दोन जाड हात. भोकांच्या आत कापूस गुंडाळलेल्या काडीने. पावसाळ्यात पीयू हवेतला ओलावा धरून पांढुरका पडतो किंवा फोड येतात, तेव्हा भर पावसाचा दिवस टाळा.

ठाणेकर_अ
पत्र्याला बोल्ट कसे? माझ्या दारात कंपनीचे स्पीकर रिव्हेटने आहेत.

कानसवाला
रिव्हेटचं डोकं ड्रिलने उडवायचं, देठ मागे ढकलायचा. मागे जुना टॉवेल कोंबून ठेवा म्हणजे कचरा दाराच्या तळाला पडणार नाही. पत्र्याचा कीस तिथे गंजतो आणि पाणी जायची भोकं बुजवतो. उघड्या कडांना लगेच प्रायमर, मुंबईच्या खाऱ्या हवेत उद्यावर टाकू नका.

मग एम-५चे रिव्हनट (पत्र्याच्या भोकात रिव्हेटसारखे दाबून बसवायचे नट). त्यांना ७ मिमीचं भोक लागतं. पत्र्यात नवीन भोक पाडण्याआधी मागे हात घालून वायर, मोटर आणि काचेची पट्टी कुठे आहे ते चाचपा, ड्रिलला टेपचा अडथळा लावा. स्टेनलेस बोल्ट, रिव्हनट, फोम सगळं नागदेवी स्ट्रीटला एकाच फेरीत मिळतं. पॅनलच्या क्लिपा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. पाच-सहा जास्त आणा, जुन्यातल्या दोन-तीन तुटतातच.

रिंग पत्र्याला धरणारे बोल्ट आणि स्पीकरचे स्क्रू एकमेकांपासून ४५ अंश फिरवून घ्या, नाहीतर बोल्टच्या डोक्यावर स्क्रू येतो. स्पीकरचे स्क्रू १५५ च्या वर्तुळावर असतील आणि भोक १४५ असेल तर आतल्या कडेपासून फक्त ५ मिमी उरतात. प्लायमध्ये ८ नंबरच्या स्क्रूला ३ मिमीचं पायलट पाडलंच पाहिजे, नाहीतर कड फाटते. चुकून भोक सरकलं तर एम-सील भरून, पूर्ण कडक झाल्यावर पुन्हा पाडा.

मिलीमीटर
गॅस्केटचंही नीट सांगायला हवं. रिंग आणि पत्रा यांत फट राहिली तर कोनाच्या मागची लाट पुढे येते. ती पुढच्या लाटेच्या उलट असते, दोघी एकमेकींना खातात आणि बास गायब. मग लोक अॅम्प्लिफायरला दोष देतात.

फोम बंद पेशींचा, ईपीडीएम रबराचा, ६ मिमीचा घ्या, जो दबून २ मिमी होतो. गादीचा स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो. पट्टीचा जोड रिंगेच्या खालच्या बाजूला ठेवा. पत्रा सपाट नसेल आणि उंचवटा ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर फोमवर भागत नाही. पत्र्यावर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म लावा, रिंगेच्या मागे बॉडी फिलरचा (गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायची पुटी) थर द्या, हलक्या हाताने दाबा, अर्धवट कडक झाल्यावर उचला. पत्र्याचा हुबेहूब ठसा मिळतो.

स्पीकरच्या वर, रिंगेच्या मागच्या बाजूला फोमची एक अर्धगोल छपरी लावा, ओघळ मॅग्नेटवर येत नाही. दुकानात मिळणारी पूर्ण फोमची वाटी लावायची तर तिचा खालचा अर्धा भाग कापून टाका, बंद वाटीत स्पीकर गुदमरतो.

चाळीतला_इंजिनीयर
यात एक धोक्याची गोष्ट राहिली. काही गाड्यांमध्ये बाजूच्या एअरबॅगचा दाब मोजणारा सेन्सर दाराच्या आत असतो. तो दाराच्या पोकळीतल्या हवेच्या दाबावर चालतो. कंपनीचं प्लास्टिक कव्हर फाडणं, पत्र्याला नवी मोठी भोकं पाडणं किंवा असलेली बुजवणं यामुळे त्याचं वाचन बदलू शकतं. साइड एअरबॅग असतील तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सेन्सर कुठे आहे ते बघा. दारात असेल तर पत्रा आणि प्लास्टिक जसंच्या तसं ठेवून फक्त कंपनीच्या भोकांवर रिंग बसवा.

बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, पण काचेची मापं झाल्यानंतर. आधी काढला तर काच वरखाली होणार नाही. स्टॅक पार्किंगवाल्यांनी गाडी आधी खाली काढून मोकळ्या जागी उभी करावी, पॅलेटवर दार पूर्ण उघडत नाही.

ठाणेकर_अ
थ्रीडी प्रिंट केली तर? मित्राकडे प्रिंटर आहे, आवाज-धूळ काहीच नाही.

मिलीमीटर
चालेल, पण पीएलए जातीचं प्लास्टिक नको. ते साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीच्या दारात, काळ्या पॅनलमागे बोल्टच्या ताणाखाली ते हळूहळू ओघळतं. पीईटीजी प्लास्टिक ८० च्या आसपास टिकतं. एएसए प्लास्टिक सगळ्यात बरं, पण त्याला बंद खोक्याचा प्रिंटर लागतो आणि त्याच्या वासासाठी खिडकी उघडी हवी. भिंती पाच-सहा, भरण ४० टक्के. बोल्टच्या भोकांत पितळी इन्सर्ट तापवून बसवा. २२० बाय २२० च्या बेडवर १८० ची रिंग मावते, सहा-नऊच्या अंडाकृतीची सरळ ठेवून नाही मावणार.

गिरगाव_४
काच आणि मॅग्नेटमध्ये खरोखर किती जागा उरली हे पॅनल लावण्याआधी कसं तपासायचं? डोळ्याने दिसत नाही.

कानसवाला
कणकेचा गोळा. मॅग्नेटच्या पाठीवर एक सेंटिमीटर जाड थापा, स्पीकर चार बोल्टवर तात्पुरता कसा, काच सावकाश पूर्ण खाली आणि पूर्ण वर. स्पीकर काढून उरलेल्या कणकेत काडी खुपसून जाडी बघा. ५ मिमीच्या वर असेल तर ठीक. कमी असेल तर रिंग जाड करा. खड्ड्यात दार हलतं तेव्हा काचही हलते.

पोलॅरिटीही (प्लस-मायनसची जोडणी) आत्ताच बघून घ्या. दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला टेकवा, प्लस प्लसला लागला की कोन बाहेर सरकतो. दोन्ही दारांत एकसारखं हवं.

मग पॅनल लावण्याआधी मोबाइलवरून ४० ते २०० हर्ट्झचा सलग सूर सोडा. जो आवाज ऐकू येईल तो स्पीकरचा नसेल तर हाताने एकेक भाग दाबत जा. बहुतेक वेळा कुलपाची केबल किंवा आतली वायर पत्र्याला आपटते, फोमची पट्टी गुंडाळली की गप्प. हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा.

मुलुंडचा_मिस्त्री
मागच्या दारांना सव्वापाच इंची आहेत. तिथे पण १८च?

पागोळी
आधी मापं टाका. मागची काच बऱ्याच गाड्यांत पूर्ण खाली जात नाही, तेव्हा खोली जास्त मिळते आणि १२ मिमीवर भागतं. पत्रा ते काच आणि पत्रा ते जाळी, दोन्ही आकडे इथे लिहा.